गप्प लेकरू

संत्र्यांच्या तोडणीच्या मजुरांसाठी भाकरी थापताना पूनमचा हात सारखा थांबत होता. पिठाने भरलेला हात ती तसाच पोटावर ठेवायची, श्वास रोखायची, आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला की परत चुलीकडे वळायची. आठवा महिना लागला होता. मानसीच्या वेळी या दिवसांत पोटात नुसता धिंगाणा असायचा, ताट मांडीवर घेतलं तर ताट हलायचं. हे लेकरू मात्र परवापासून गप्प होतं. कधीतरी काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं. पण ते स्वतः हललं, की आपण वाकलो म्हणून घागरीतल्या पाण्यासारखं डुचमळलं, हे तिला कळत नव्हतं.

"आई, लेकरू हालून नाई राहिलं," ती सासूला म्हणाली.

शकुबाई अंगणात बसून डागी संत्री वेगळी काढत होती. तिने मान वर केली नाही. "आठव्यात जागा कमी पडते. कुठं हालंन थे? पोट्टा असंन, आळशी. हेमराज बी असाच होता."

"डाव्या कुशीवर झोपून पाह्यलं. गूळपाणी पिऊन पाह्यलं."

"माझे पाच बाळंतपणं याच घरात झाले. कोण्या डाक्टरनं पाह्यलं मले? तू जेवढा इचार करशीन तेवढं पोटातलं घाबरते."

पूनमने पुढची भाकरी थापायला घेतली. बोरगावच्या या घरात ती येऊन सहा वर्षं झाली होती. घर खाऊनपिऊन सुखी होतं, संत्र्याची बाग होती, कापूस होता, आणि सासरे नत्थूजी कधी आवाज चढवून बोलत नसत. नवरा हेमराजही वाईट माणूस नव्हता. पांढुर्ण्याला गेला की तिच्यासाठी काही ना काही आणायचा. पण या घरात शेतातलं काम पहिलं आणि बाकी सगळं त्यानंतर, हे कोणी न सांगताच ठरलेलं होतं. दिवस राहिले तेव्हा पेरणी होती. मग निंदण आलं, मग फळगळीची फवारणी. अंगणवाडीतल्या नर्सबाईने एकदा धनुर्वाताची सुई दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की रक्त तपासायला अन् सोनोग्राफीला सौसरला जायचं आहे. गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून त्या फडताळात राहिल्या. सौसरला जाणं पुढे पुढे ढकललं गेलं. "एवढा संत्र्याचा तोडा झाला की जाऊ," हेमराज म्हणायचा, आणि त्याच्या मनात ते खरंच असायचं.

खरं सांगायचं तर पूनमनेही फार धरून ठेवलं नव्हतं. मानसी तिच्या माहेरी, तिगावला, घरातच झाली होती. कळा इतक्या झटपट आल्या, की गाडी बोलवेपर्यंत दाईने पोरगी हातात दिली. टवटवीत, गुलाबी, गळा काढून रडणारी. तेव्हापासून दोन्ही घरांत म्हणायचे, पूनमचं अंग बाळंतपणाला सोपं आहे. तिलाही ते आवडायचं.

पण आज तिला एका जागी उभं राहवेना. भाकरी टोपल्यात झाकल्या, भाजीखालचा जाळ ओढला, मानसीला अंगणवाडीत सोडलं आणि हेमराजला फोन लावला. तो उजाडायच्या आधीच संत्र्याची गाडी घेऊन पांढुर्ण्याच्या मंडीत गेला होता. फोन वाजत राहिला. लिलावाच्या गलक्यात कोणाला काय ऐकू येणार? तिने पुन्हा लावला. मग तिने खुंटीवरची पिशवी घेतली.

"कुठं निघाली?" शकुबाईने विचारलं.

"सौसरले. दाखवून येतो."

"घरी माणसं जेवाले येऊन राहिले अन् तू चालली?"

"सगळं करून ठेवलं, आई. वाढाचंच हाये फक्त."

"एकटी नोको जाऊ. हेमराज येऊ दे."

"थे संध्याकाळी येतीन," पूनम म्हणाली, आणि आपण उंबऱ्याबाहेर आलोच आहोत हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सौसरच्या एका छोट्या दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. तशी तिला बसायचीही इच्छा नव्हती. ती दारापासून पाण्याच्या मडक्यापर्यंत जायची आणि परत यायची. एका बाईने सरकून जागा केली, तरी ती म्हणाली, "नाई, मी उभीच बरी." मधूनच पोटावर हलकी टिचकी मारायची, कोणाचं लक्ष नाही असं पाहून.

डॉक्टर श्रुती वयाने पूनमपेक्षा फार मोठ्या नसतील. सोनोग्राफी करताना सुरुवातीला त्या गप्पा मारत होत्या. मानसी किती वर्षांची, माहेर कुठलं. मग त्यांचं बोलणं थांबलं. यंत्राची मूठ त्यांनी पोटावर एकाच ठिकाणी धरून ठेवली.

"हार्ट चालू आहे बाळाचं," त्या आधी म्हणाल्या. पूनमच्या डोळ्यांतून पाणी आलं, तसं त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "पण बाळाच्या पोटात पाणी जमलंय. तुमचा ब्लड ग्रुप कोणता?"

"मले नाई माहीत."

"मागच्या खेपेला तपासला असेल ना?"

"तेव्हा घरीच झाली. कोणी इचारलंच नाई."

बोटातून रक्त काढलं, दंडातून काढलं. परत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

"नीट ऐका, पूनमताई. तुमचं रक्त निगेटिव्ह आहे. बाळाचं बहुतेक पॉझिटिव्ह, बापासारखं. पहिल्या बाळंतपणात लेकराचं थोडं रक्त आईच्या अंगात जातं. शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिलं लेकरू तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला काही होत नाही. दुसरं राहिलं की ती तयारी त्याच्यावर तुटून पडते. त्याचं रक्त फुटत राहतं. तुमच्या बाळाच्या अंगात आता रक्त फार कमी उरलं असणार, म्हणून ते हलत नाहीये. त्याला ताकदच नाही."

पूनमला वाटलं, आपण काहीतरी खाल्लं असेल, काहीतरी जड उचललं असेल. इतके दिवस आपलंच रक्त त्याला खात होतं, हे तिच्या डोक्यात शिरेना.

"याच्यावर काही औषध नोयतं का?"

"पहिल्या बाळंतपणानंतर एक इंजेक्शन देतात. पोटुशी असतानाही देतात. रक्तगट माहीत असला की."

"एका सुईचं होतं हे?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग उठून म्हणाल्या, "आता नागपूरला जायचं. आज, आत्ता. मी गाडी बोलावते. जन्मल्यावर बाळ पिवळं पडेल, रक्त बदलावं लागेल. ते इथे होत नाही."

हेमराजचा फोन अजूनही लागत नव्हता. घरी लावला तर नत्थूजींनी उचलला. त्यांना सुनेशी फोनवर बोलायची सवय नव्हती. "हेमराज येऊ दे, मंग ठरवू," ते म्हणाले. "बाबा, ठरवाले टाइम नाई," पूनम म्हणाली. पलीकडे त्यांनी शकुबाईला हाक मारली.

गाडी यायच्या आतच ऑटोतून शकुबाई उतरली. पदर खोचलेला, चेहरा लाल. ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"मी हिले घरी नेतो. पोरगा आल्यावर पाहू काय करायचं."

"आजी, घरी नेलं तर बाळ वाचणार नाही."

"तुम्ही लोक आधी भेव दाखवता..."

"आई," पूनम मध्येच म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "मी जाऊन राहिली. तुम्ही या, नाईतर नका येऊ."

शकुबाईने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत सुनेने असं कधी म्हटलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं, पूनम आत आडवी झाली, आणि दार लावता लावता शकुबाई पिशवी छातीशी धरून आत चढली.

सावनेरच्या रस्त्यावर गाडी धावत होती. आडव्या पडलेल्या पूनमला खिडकीतून फक्त झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा दिसत होत्या. प्रत्येक खड्ड्याला ती पोट दोन्ही हातांनी धरायची. शकुबाई बराच वेळ पुटपुटत होती. घरचे मजूर, मानसीला अंगणवाडीतून कोण आणणार, गोठ्यातली गाय. मग ती थांबली.

"डाक्टरीण काय म्हणे? लेकरू पिवळं पडंन?"

"हो."

"पिवळंच म्हणे?"

"हो, आई. काहून?"

शकुबाई खिडकीबाहेर पाहू लागली. त्यानंतर नागपूरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि पूनमला तिच्या पुटपुटण्यापेक्षा त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

हेमराजला मंडीतून बाहेर पडल्यावर फोनवरचे सगळे निरोप एकदम दिसले. गाडी तिथेच ओळखीच्या माणसाच्या हवाली करून त्याने पांढुर्ण्याहून मिळेल ती रेल्वे पकडली. दवाखान्यात पोचला तेव्हा त्याच्या शर्टाला संत्र्यांचा वास येत होता. पूनमच्या हाताला सलाईन होतं. तो खाटेजवळ उभा राहिला.

"तोडा झाला का?" पूनमने विचारलं.

ती जे बोलली त्याचं तिला वाईट वाटलं नाही. नंतरही कधी वाटलं नाही.

पोटातच बाळाला रक्त देता आलं असतं, पण तुम्ही उशिरा आलात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून सुया दिल्या आणि ठोके कमी व्हायला लागले तसं दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन केलं. मुलगा झाला. पूनमने तो फक्त क्षणभर पाहिला. पांढराफटक, पोट फुगलेलं, तोंड उघडलेलं, पण आवाज नाही. मग खूप उशिराने, मांजरीच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला आणि नर्स त्याला घेऊन धावली.

दुपारपर्यंत तो पिवळा पडला. हळदीत बुडवून काढल्यासारखा, असं हेमराज म्हणाला. त्याच्या अंगातलं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरायचं होतं, आणि दुसरं म्हणजे निगेटिव्ह. हेमराजचं चालत नव्हतं. रक्तपेढीत होतं तेवढं पहिल्या फेरीला लागणार होतं. पुन्हा लागलं तर हाताशी असावं, म्हणून दाता शोधून ठेवा म्हणाले. हेमराज जिना चढत-उतरत होता, सुचेल त्याला फोन करत होता. त्याच्यामागे शकुबाई उभी राहिली.

"माझं घ्या म्हणा."

"माय, कोणतंबी नाई चालत. तपासा लागते."

"मंग तपासा ना!"

तपासलं. रक्तपेढीतल्या बाईने बाहेर येऊन शकुबाईला शेजारी बसवून घेतलं. हेमराज समोरच उभा होता.

"आजी, तुमचं रक्त निगेटिव्हच आहे. पण ते बाळाला देता येणार नाही. तुमच्या सुनेच्या रक्तात बाळाशी लढणारं जे आहे ना, तेच तुमच्याही रक्तात आहे. इतक्या वर्षांनीही आहे." ती जरा थांबली. "तुमची काही लेकरं जन्मल्यावर गेली का?"

शकुबाईने पिशवी उचलली. मग उठली आणि भिंतीला हात लावत लावत वॉर्डाकडे चालू लागली. हेमराजने हाक मारली ती तिला ऐकूच गेली नाही.

पूनम जागी होती. टाके ओढत होते, आणि बाळाच्या खोलीकडून कोणी काही सांगत नव्हतं. दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे ती पाहत होती. सासू आली तशी ती कोपरावर उठायला गेली.

"लेकरू?"

"हाये. रक्त देऊन राहिले त्याले. दुसरं भेटलं कोणाचं तरी." शकुबाई खाटेच्या कडेवर बसली. चादरीची सुरकुती बोटाने सरळ करत ती सांगू लागली. "हेमराज झाला, मीना झाली. दोघं चांगले निघाले. मंग तिसरं झालं थे दुसऱ्या दिवशी पिवळं पडलं अन् गेलं. त्याच्यानंतरचं बी तसंच. माझी सासू म्हणे, इच्या दुधातच जहर हाये. पाचव्याले मी दूध नाई पाजलं, पूनम. गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं दिलं. पान्हा फुटून चोळी ओली व्हायची, अन् मी त्याले दूर ठेवत होतो. जाईपर्यंत तोंड माझ्याचकडे करत होतं थे."

पाच बाळंतपणं ही बाई अभिमानाने सांगायची आणि घरात पोरं दोनच, हे इतक्या वर्षांत पूनमच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"दुधाचं नोयतं थे," शकुबाई म्हणाली. "थे बाई आत्ता सांगे, रक्ताचं होतं म्हणून. दुधात काहीच नोयतं."

तिने तोंडाला पदर लावला. पूनमला तिचा हात धरावासा वाटला, आणि त्याच वेळी रागही आला. तो रागच आधी बाहेर पडला.

"इतकं भोगलं तुम्ही, मंग मले काहून अडवलं?"

शकुबाईने लगेच उत्तर दिलं. जणू हा प्रश्न तिने स्वतःला रस्ताभर विचारला होता. "मले वाटे, डाक्टरकडे नेलं की काहीतरी निघते. नाई नेलं की नाई निघत. मानसी चांगली झाली ना. मले वाटलं, हिच्या मागं थे नाई. कायले उकरून काढा?"

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. दोघी एकदम दाराकडे वळल्या. दुसराच कोणी पेशंट होता.

बाळाचं रक्त दोनदा बदलावं लागलं. नंतर तो बरेच दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होता. पूनम वाटीत दूध काढून द्यायची आणि नर्स ते नळीने त्याला पाजायची. वाटी न्यायचं काम शकुबाईने कोणाला करू दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून, पायाखाली पाहत ती जायची, आणि दूध पूर्ण गेलं का हे विचारल्याशिवाय परत यायची नाही.

मीना, म्हणजे हेमराजची बहीण, लग्न होऊन पांढुर्ण्यात होती, आणि तिलाही तिसरा महिना लागला होता. नागपूरहून परतताना शकुबाई घरी न जाता आधी तिच्याकडे उतरली. मीनाचे सासरे दिलीपराव शाळेत शिक्षक होते. त्यांनी चहा मागवला, तर शकुबाई म्हणाली, "चहा मंग घेतो. आधी पोरीचं रक्त पाहून येऊ." त्यांनी कारण विचारलं नाही, तिचा चेहरा पाहून चपला घातल्या. मीनाचं रक्त निगेटिव्ह निघालं. तिला कधी आणि कोणती सुई द्यायची हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शकुबाईने ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

बाळ घरी आलं. त्याचं नाव ऋषिकेश ठेवलं. वजन भरू लागलं, रंग उजळला, आणि लोक म्हणू लागले, पाह्य, काही झालं नाई, उगीच घाबरले. पूनमला मात्र चैन नव्हतं. घरात क्रेट आपटले, कुकरची शिट्टी झाली, अंगणात फटाका फुटला, तरी हा दचकायचा नाही. झोपला तर झोपलेलाच. "किती गुणाचं लेकरू," शेजारणी म्हणायच्या, आणि पूनम त्याच्या कानाजवळ टाळी वाजवून पाहायची.

या वेळी तिने कोणाची वाट पाहिली नाही. हेमराजनेही तोडा, फवारणी काही काढलं नाही, आदल्या दिवशीच गाडी सांगून ठेवली. नागपूरला कानाची तपासणी झाली. मेंदूकडे जाणारी ऐकण्याची नस काविळीने दुखावली होती, दोन्ही कानांची. "अजून कुठे इजा झाली आहे का, ते मोठा होईल तसं कळेल," डॉक्टर म्हणाले. "मान धरायला उशीर लागेल, चालायलाही कदाचित. आता कानाला मशीन लावू. बोलताना त्याच्या तोंडासमोर बसून बोला."

परतीच्या वाटेवर हेमराज गाडी थांबवून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा राहिला. पूनमने त्याला हाक मारली नाही. खूप वेळाने तो परत आला, डोळे पुसून. "माझं चुकलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "माझं बी. पण त्याच्यानं काय होते आता? चाला."

मशीन बसवलं त्या दिवशी सगळं घर ओसरीवर जमलं. नत्थूजी खांबाला टेकून उभे होते. बाळ शकुबाईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे टक लावून. मानसीला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिने आतून स्टीलची थाळी आणि चमचा आणला आणि भावाच्या मागे उभी राहून थाळी जोरात वाजवली.

ऋषिकेशने मान वळवली. अजून नीट न धरलेली, डुगडुगती मान, अर्धवट तिकडे.

"ऐकलं! ऐकलं त्यानं!" हेमराज ओरडला. शकुबाई रडायला लागली.

पूनम जागची हलली नाही. थाळीवर ऊन पडलं होतं, त्याची तिरीप बाजूच्या भिंतीवरून सरकली होती. त्याने आवाज ऐकला, की ती तिरीप पाहिली?

"मानसी," ती म्हणाली, "सावलीत ये. अन् पुन्हा वाजव."